नावाखालची रेघ

४ फेब्रुवारी

प्रिय माणिक,

पत्र लिहायला तसं काही कारण नाही. कारण असतं तर फोन केला असता, आणि फोन तू उचलत नाहीस. आता तर तो नंबरच अस्तित्वात नाही, असं एक बाई मला फार गोड आवाजात सांगते. तिच्याशी दोन शब्द बोलायला गेले तर तीही ऐकून घेत नाही. म्हणून कागद काढला.

आधी भांडण मिटवते. मागे फोनवर तू अंगठीची गोष्ट सांगितलीस. तुझ्या आजीच्या अंगठीतला लाल खडा हरवला, घरभर केर उपसून शोधला, तो काही मिळाला नाही, पण त्याच संध्याकाळी तू जन्मलीस, म्हणून माणिक. गोष्ट छानच आहे. पण बाई गं, एकाच फोनवर तीनदा? तिसऱ्यांदा सुरू केलीस तेव्हा मला हसू फुटलं आणि मी म्हटलं, "खडा सापडेपर्यंत सांगणार आहेस का?" तू फोनच ठेवून दिलास. एवढ्याशा बोलण्याचा एवढा राग धरलास. बरं, चुकलं माझं. तू अंगठीची गोष्ट हवी तितक्या वेळा सांग, मी हूं हूं करत ऐकेन.

तुझी खोली आहे तशी आहे. टेबल सावलीच्या बाजूच्या खिडकीशी लावलंय, तुला डोळ्यांवर ऊन नको असतं म्हणून. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आपण ठरवलं होतं तसंच सगळं केलंय. एक घर, दोन खोल्या, मध्ये भिंत, कारण तू घोरतेस. तुझे यजमान गेल्यावर तू यायचीच होतीस. मध्येच मुलगा "दोन महिने आमच्याकडे चल" म्हणाला आणि तू गेलीस. ते दोन महिने भलतेच लांबले.

घरमालक काल आले होते. वरच्या मजल्यावरच्या जोडप्याला बाळ होणार आहे, त्यांना खाली एक खोली हवी आहे. "तुम्ही एकट्या, दोन खोल्या काय करायच्या?" म्हणाले. मी म्हटलं, मी एकटी नाही. त्यांनी तुझ्या खोलीत डोकावून टेबल बघितलं, खुर्ची बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि मे अखेरपर्यंत विचार करून सांगा म्हणाले. तेव्हा तू येणार की नाही, तेवढं मला कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

मी मजेत आहे. दिवस कसा जातो कळत नाही.

तुझी,
माणिक

ता. क. नावाखाली रेघ ओढलेली नाही, बघितलंस ना? नोकरीभर ओढली, आता बास. पाकिटावर माझा पत्ताही घातलेला नाही. तुला तो पाठ आहे.


२६ फेब्रुवारी

प्रिय माणिक,

उत्तर नाही. ठीक आहे, पोस्टाची चूक धरते.

वरची मुलगी हल्ली दुपारी खाली येऊन बसते. माझी खोली गार असते आणि तिला सातव्या महिन्यात जिने चढून धाप लागते. येते ती फोनवर बाळाची नावं शोधत. नाव छोटं हवं, अर्थ मोठा हवा, ओळखीत कुणाचं नको आणि ऐकलं की लोकांनी "अय्या, किती वेगळं" म्हणायला हवं. मी म्हटलं, इतक्या अटी घालून मी नवरा शोधला म्हणून अशी राहिले.

काल तिने माझं नाव त्यात घालून बघितलं आणि वाचून दाखवलं. "माणिक. अर्थ, लाल रंगाचं मौल्यवान रत्न. स्वभाव तापट, प्रेमळ, शब्दाला पक्का. मुलगा, मुलगी दोघांना चालतं. लोकप्रियता, घटती." त्याखाली एक आलेखही होता. आपण जन्मलो तिथे रेघ पार वर चढलेली, आणि मग घसरगुंडी. आता ती इतकी खाली गेलीय की आलेखाच्या तळाला टेकलीय. शिवाय रेघ मध्येच जाड, मध्येच बारीक. ऑफिसातल्या आपल्या फूटपट्टी साहेबांनी ती बघितली असती तर टराटरा फाडली असती.

घटती हा शब्द मला लागला, खोटं का बोलू. आपल्या वेळी काय पीक होतं माणकांचं! शाळेत हजेरीला माझ्या वर्गात तिघी "हजर" म्हणायच्या, वर एक मुलगा होता तो वेगळाच. आणि गंमत म्हणजे चौघांच्याही घरी हेच वाटत होतं की रत्न फक्त आपल्याकडे आलंय. आमच्या घरात खरं माणिक कुणी हातात धरलेलंसुद्धा नव्हतं. बाबांनी एकदा दुकानाच्या काचेतून पाहिलं होतं. ते म्हणाले होते, दागिना काही आपल्याच्याने व्हायचा नाही, पोरीला नाव तरी देऊ. हे मला आईने ते गेल्यावर सांगितलं. त्याआधी मी त्या नावाला खूप नावं ठेवली होती.

मुलगी वाचत होती तेव्हा एक झालं. तिने मोठ्यांदा "माणिक" म्हटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणती?" ती बावरून बघायला लागली. मी विषय बदलला. पण मग संध्याकाळभर तेच डोक्यात राहिलं. दूधवाला मला ताई म्हणतो, घरमालक बाई म्हणतात, ही आजी म्हणते, दवाखान्यात नुसतंच "पुढचे" म्हणतात. नावाने हाक मारणारी जगात तू एकटी उरलीस आणि तू रुसून बसलीयस.

खोलीचं कळव.

तुझी,
माणिक


१७ मार्च

प्रिय माणिक,

आज ऑफिसात गेले होते. आपण जिवंत आहोत हे दाखवून यावं लागतं ना, पेन्शनसाठी. तू ते तिकडून कसं करतेस कोण जाणे. मुलगा करत असेल.

आपला हॉल तू ओळखणार नाहीस. उतरती टेबलं गेली, उंच स्टुलं गेली, शाईचा वास गेला. पोरं पडद्यासमोर बसतात आणि नकाशा छापून बाहेर येतो. एका पोरीला मी सांगितलं की साहेब लोक पेन्सिलीने पाण्याच्या नळांचे नकाशे काढायचे आणि आम्ही वरून पारदर्शक कागद टाकून ते शाईने गिरवायचो. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही कॉपी करायच्या?" मी म्हटलं, हो बाई, आम्ही पगारी कॉपी करायचो.

तिला फूटपट्टी साहेबांचं सांगावंसं वाटत होतं, पण तिला वेळ नव्हता, म्हणून तुला सांगते. तुला माहीत आहे, तरी ऐक. तुझी अंगठी मी ऐकते ना?

आठवतं, त्यांनी आपल्याला आल्या आल्या अक्षरं गिरवायला बसवलं होतं? सगळ्या नकाशांवर एकच हात दिसला पाहिजे, हा त्यांचा हेका. "नकाशात नळ दिसला पाहिजे, बाई दिसता कामा नये." महिने गेले गिरवण्यात. एक दिवस त्यांनी तुझे माझे कागद एकमेकांत मिसळले, वर खाली करून बघितले आणि त्यांचं त्यांनाच ओळखू येईना. किती खूश झाले होते! आणि मग महिन्याभरात नळावरची ती झडप एका नकाशावर उलटी निघाली. खाली ट्रेसरच्या चौकटीत नाव माणिक. साहेब ओरडले, "कोणती?" तू म्हणालीस मी, मी म्हणाले मी. दोघींनाही दुसरीला वाचवायचं होतं, आणि खरं सांगायचं तर कुणाची चूक ते आपल्यालाही ओळखता येत नव्हतं. साहेबांनी डोक्याला हात लावला. तू माझ्या आधी आठवडाभर लागलेली, म्हणून तू पहिली, मी दुसरी. दुसरीने नावाखाली आखूड रेघ ओढायची, म्हणजे पुढच्या वेळी पकडता येईल. झालं. तेव्हापासून कुणीही हाक मारली की आपलं दोघींचं एकदम, "कोणती?"

दाराशी आपला जुना शिपाई भेटला. पार वाकलाय, पण डोळे तसेच. "दुसऱ्या माणिकबाई ना?" म्हणाला. "पहिल्या कशा आहेत?"

मी म्हटलं, मजेत आहे, दर आठवड्याला पत्र येतं तिचं.

"बघा," तो म्हणाला, "आमच्यात असं कुणी उरलं नाही."

येताना बस सोडली आणि चालत आले.

तुझी,
माणिक


५ एप्रिल

माणिक,

येऊ नकोस. मी तुझी वाट बघत नाही. घरमालकांना उद्या सांगून टाकते की खोली घ्या.

ज्या बाईबरोबर मी एका टेबलावर जन्म काढला तिला चार ओळी लिहायला होत नाहीत. मुलगा, सून, नातवंडं, भरलं घर असेल तुझं, कबूल. मलाही काही कमी नाही. पण मी तुझ्या जागी असते तर निदान शिव्या द्यायला तरी पत्र लिहिलं असतं.

माणिक


२१ एप्रिल

प्रिय माणिक,

अक्षर बघून दचकू नकोस. हे मी लिहीत नाही, वरची मुलगी लिहितेय. माझं उजवं मनगट जरासं दुखावलंय, म्हणून हात प्लास्टरमध्ये आहे. काही विशेष नाही. न्हाणीघरात पाय सरकला.

(नमस्कार. आजी सांगत नाहीयेत, म्हणून मी कंसात लिहिते. त्या सकाळी पडल्या आणि दुपारी मी खाली येईपर्यंत तिथेच होत्या. दार वाजवलं तर आतून म्हणाल्या, "कोणती?" मला वाटलं काहीतरी बरळतायत. आता त्या विचारतायत की मी इतका वेळ काय लिहितेय.)

घरमालकांना मी अजून काही सांगितलेलं नाही. मागच्या पत्रात रागाने लिहिलं ते रागाचं होतं. खोली आहे. ही मुलगी म्हणते तिला घाई नाही.

(मला घाई आहे, पण असू दे.)

हिचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय ओढलेत. हे मी तिला सांगितलं आणि तिने ते लिहिलंसुद्धा. फूटपट्टी साहेबांनी हिला फाटकाबाहेर उभं केलं असतं. पण मला एक वाटलं. आपलं अक्षर आपलं नव्हतंच कधी, साहेबांचं होतं. हिचं मात्र कुठेही टाका, हिचंच.

माणिक, एकच विचारायचं आहे. फोनवर मी हसले म्हणूनच ना? की दुसरं काही झालंय? तू बरी आहेस ना? मी इतके दिवस रागावले होते म्हणून हे विचारायचं राहूनच गेलं.

उत्तर दे. एक ओळ पुरे.

तुझी,
माणिक

(सही त्यांनी डाव्या हाताने केली आहे. पाकिटावर त्यांचा पत्ता मी घातलाय. त्यांना सांगितलं नाही.)


३ मे

ती. माणिकमावशी यांना नमस्कार,

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या मैत्रिणीची सून. हे पत्र लिहायला मला फार जड जातंय, पण लिहिलंच पाहिजे.

आईंचं विसरणं आमच्याकडे यायच्या आधीच सुरू झालं होतं. आम्हाला वाटलं, बाबा गेल्याचं दुःख आहे, म्हणून त्यांना "दोन महिने चला" म्हणून आणलं. मग ते वाढतच गेलं. पहिल्या वर्षी त्या स्वतःलाच चिठ्ठ्या लिहायच्या. "माणिक, गॅस बंद कर." "माणिक, चष्मा देवघरात नाही, उशीखाली बघ." घरभर भिंतींवर त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात चिठ्ठ्या. एकदा घराच्या किल्ल्या पाकिटात घालून, वर आपलंच नाव आणि आमचा पत्ता लिहून त्यांनी ती पोस्टात टाकली होती. आम्ही दोन दिवस किल्ल्या शोधत होतो आणि त्या टपालाने घरी आल्या. फोनही त्या कुणालाही, कधीही लावत राहायच्या, म्हणून तो बंद केला.

त्यामुळे फेब्रुवारीत पाकीट आलं, तेच अक्षर, पाठवणाऱ्याचं नाव नाही, आत "प्रिय माणिक" आणि शेवटी "तुझी माणिक", तेव्हा आम्हा दोघांनाही शंका आली नाही. घरात त्या तुम्हाला कायम नुसतं "दुसरी" म्हणायच्या, तुमचं नावही तेच आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. यांनी वाचलं आणि डोळे पुसले. म्हणाले, "आई स्वतःलाच लिहितेय, स्वतःलाच बोलावतेय." डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशा गोष्टी समोर आणून त्यांना गोंधळात पाडू नका. म्हणून आम्ही ती पत्रं कपाटात ठेवली. पुढची तर उघडलीसुद्धा नाहीत. मावशी, आमच्या हातून फार वाईट झालं.

मग हे वेगळ्या अक्षरातलं पत्र आलं. मी कंसातलं वाचलं आणि कपाट उघडलं. सगळी पत्रं काढून एका बैठकीत वाचली. झडपेचं वाचलं तेव्हा आणखी एक उलगडलं. त्यांच्याकडे दिवसा एक बाई येते, ती "माणिक आजी" अशी हाक मारते, आणि आई दर वेळी विचारतात, "कोणती?" आम्हाला वाटत होतं की त्यांना स्वतःचं नावही कळेनासं झालंय. डॉक्टरांनीही तेच गृहीत धरलं होतं.

आता मी त्यांना तुमची पत्रं रोज थोडी वाचून दाखवते. त्या ऐकतात. कुणाची आहेत ते कळतं की नाही, मला सांगता येत नाही. आम्हाला त्या आता ओळखत नाहीत. यांना कधी दादा म्हणतात, कधी साहेब. तुम्हाला ओळखतील असं मी खोटं सांगणार नाही. पण तुम्ही याल का?

तुमची,
सून म्हणा, कोणीही म्हणा


९ मे

प्रिय माणिक,

तुझ्या सुनेचं पत्र आलं. वरच्या मुलीने वाचून दाखवलं आणि मग मी तिला वर जायला सांगितलं.

इतके दिवस मी तुझ्यावर रागावले होते आणि त्यात मला आधार होता. रागवायला तिकडे कुणीतरी आहे, जाणूनबुजून गप्प बसलेली आहे, असं वाटायचं. आता तो रागही गेला. घर फार शांत झालंय. हे डाव्या हाताने लिहितेय, दोन दिवस लागले.

अंगठीची गोष्ट तू तीनदा का सांगत होतीस ते मला आत्ता कळतंय. तू ती घट्ट धरून बसली होतीस आणि मी हसले.

घरमालकांना होकार दिला. खोली मुलीला मिळाली. ती लाजत लाजत म्हणाली, "आजी, मुलगी झाली तर माणिक ठेवू का?" मी नको म्हटलं. तिला वाईट वाटलं असावं, पण काय सांगणार. वर्गात दुसरी कुणी नसेल गं. हजेरीला ती एकटीच उभी राहील आणि "कोणती" असं विचारायला कुणी असणार नाही.

प्लास्टर निघालं की येते. तू ओळखलं नाहीस तरी येते.

तुझी,
माणिक


२७ मे

प्रिय माणिक,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तू माझ्या उजव्या हाताला बसली आहेस, नेहमीसारखी. पण तुझ्याशी बोलायची मला आता ही एकच रीत येते, म्हणून लिहिते.

परवा मी आले तेव्हा तू खिडकीशी होतीस. केस पांढरे शुभ्र, पाठ मात्र तशीच ताठ, उंच स्टुलावर बसल्यासारखी. तू उठून उभी राहिलीस आणि परक्या बाईला म्हणावं तसं म्हणालीस, "या, बसा. कुणाकडे आलात?"

मी म्हटलं, "माणिककडे."

"कोणती?"

"पहिली."

"मीच ती," तू म्हणालीस. "दुसरी अजून आली नाही. तिला रोजच उशीर होतो. साहेब काही बोलले तर मी सांगते की तिची बस चुकली."

तुझी सून दाराशी उभी होती, ती तोंड फिरवून आत गेली. माझी बस खरंच चुकायची गं. मला वाटायचं साहेब माझ्याकडे काणाडोळा करतात. तू रोज काहीतरी सांगून ठेवत होतीस हे मला त्या खोलीत उभं राहून पहिल्यांदा कळलं.

मग मी तुझं टेबल बघितलं. सगळा पसारा उजवीकडे. चष्मा, औषधं, रंगीत खडू, नातवाची तुटकी गाडी. डावी बाजू स्वच्छ. सून म्हणाली, "तिथे पाण्याचा ग्लास ठेवला तरी उचलून देतात. कारण सांगत नाहीत." मी माझी खुर्ची ओढली आणि डावीकडे बसले. तू थोडा वेळ नापसंतीने बघितलंस. पण उठवलं नाहीस.

तीन दिवस अशीच बसते आहे. तू मला बाई म्हणतेस. काल अंगठीची गोष्ट सांगितलीस, मी हूं हूं करत ऐकली, आणि संपल्यावर पुन्हा सुरू केलीस तेव्हा पुन्हा ऐकली. खडा सापडत नाही आणि तू जन्मतेस, दर वेळी. तुझ्या सुनेला मी माझी पत्रं मोठ्यांदा वाचू दिली. एकटीने लिहिलेली पत्रं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं फार कठीण असतं. "दिवस कसा जातो कळत नाही" हे वाक्य आलं तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. दिवस जात नव्हते, माणिक. एकेक दिवस हाताने ढकलावा लागत होता. तुला लिहिलं तेव्हा खोटं लिहिलं होतं.

उद्या सकाळी मी परत जाणार. एका खोलीत. तुझी सून म्हणते येत जा, आणि मी येत जाईन, हात पाय चालताहेत तोवर. तू मला प्रत्येक वेळी "या, बसा" म्हणशील, मी बसेन. एवढंच ठरवून आले होते आणि एवढंच घेऊन जाणार आहे. आपल्या नावाची रेघ आलेखाच्या तळाला टेकलीय, तशा आपणही टेकलोय. पण अजून आपण दोघी आहोत.

बघ, प्लास्टर निघाल्यापासून माझं अक्षर कसं थरथरतंय. साहेबांना आता सहज ओळखता आलं असतं.

तुझी,
माणिक
—

ता. क. वरची रेघ मी ओढलेली नाही.

सही करून मी पेन्सिल खाली ठेवली, तशी तू कागद स्वतःकडे ओढलास. चष्मा लावलास. सगळं सोडून फक्त खालचं नाव बघत राहिलीस. मला वाटलं आता म्हणशील हे माझंच आहे. तू पेन्सिल उचललीस, मनगट टेबलाला टेकवलंस, श्वास रोखलास, आणि ओढलीस. हात जराही हलला नाही.

"रेघ राहिली होती," तू म्हणालीस. मग मान वर करून माझ्याकडे नीट बघितलंस. "एवढा उशीर?"

"पोस्टाची चूक," मी म्हटलं.